उताऱ्याखालचे प्रश्न

डिसेंबर सरत आला की इथे, कन्नड मुलखातल्या या शहरात, मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉस रस्त्यावर अवऱ्याच्या शेंगांचे ढीग लागतात. दिसायला पावट्यासारख्याच, पण यांना एक उग्र, हिरवा, हाताला चिकटून राहणारा वास असतो. इथले लोक शेंग नाकाशी नेल्याशिवाय पिशवी पुढे करत नाहीत. परवा मीही एक शेंग नाकाशी धरली आणि मला आठवण झाली ती स्वयंपाकाची नव्हे, कोमट जेरॉक्सच्या कागदांची आणि शनिवारच्या दुपारची. अवऱ्याचा मोसम म्हणजे आमच्या वर्गात परीक्षेचा मोसम. चार वर्षांपूर्वीचा तो एक मोसम मात्र बाकीच्या सगळ्यांपासून वेगळा काढून मी जपून ठेवला आहे.

वर्ग म्हणजे आमच्या मंडळाच्या हॉलमधला मराठीचा वर्ग. दर शनिवारी दुपारी तीन ते पाच. दुसरी ते चौथीची अकरा मुलं, दोन लांब सतरंज्या, एक फळा आणि खिडकीबाहेर सतत हॉर्न वाजवणारा रस्ता. मी येलहंक्याच्या एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, तेही इंग्रजीतून आणि कन्नडमधून. मराठी ही आमच्या घरातली भाषा. आमचे लोक इथे कधी आले हे घरात कुणालाच नीट सांगता येत नाही; फार पूर्वी, घोड्यावरून, एवढंच. त्यामुळे आमच्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं आहे की कुठलं कुठून आलं ते वेगळं काढता येत नाही. निवृत्त झाल्यावर मंडळाने वर्ग घ्याल का असं विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं आणि घरी येऊन मराठी व्याकरणाचं पुस्तक उघडून बसले.

मुलं दोन तऱ्हेची होती. काही आमच्यासारख्या जुन्या घरांतली. ती मला अक्का म्हणत. मराठी घडाघडा बोलत, पण शाळेत कन्नड शिकत असल्यामुळे देवनागरी त्यांना अक्षर लावून लावून वाचावी लागे. काही व्हाइटफील्डकडून आईबाबांबरोबर मेट्रो बदलत येणारी, पुण्याहून, नाशिकहून आलेल्या घरांतली. ती मला मॅडम म्हणत. शाळेत हिंदी असल्यामुळे ती मराठी सरसर वाचत, पण बोलताना तीन शब्दांमागे एक इंग्रजी. दोघांना एका सतरंजीवर बसवून शिकवायचं, आणि फेब्रुवारीअखेर बाहेरगावची एक संस्था जी परीक्षा घेते तिला बसवायचं. त्या परीक्षेत सगळ्यात जास्त गुण असतात उताऱ्याला. उतारा वाचा आणि खालील प्रश्नांची उत्तरे लिहा.

म्हणून मी उतारे शोधायला लागले. सोलापूरच्या मावसबहिणीने तिच्या नातवाची जुनी पुस्तकं कुरिअर केली. अव्हेन्यू रोडच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मी धुळीने शिंकत दोन दुपारी काढल्या आणि एकच मराठी पुस्तक मिळालं, तेही ज्योतिषाचं. इंटरनेटवर चित्रांचे रंगीत कागद होते, कडेला हसरा सूर्य आणि मध्ये पाच ओळी. मी ते सगळं एका निळ्या फाइलमध्ये लावत गेले. फाइल जाड झाली तेव्हा लक्षात आलं की हे सगळे उतारे एकाच घरातले आहेत. त्या घरातला मुलगा पहाटे उठतो, दात घासतो, मोठ्यांना नमस्कार करतो. मामाकडे जातो, तिथे विहीर असते. झाडांचं महत्त्व त्याला माहीत असतं. त्याला कधी कंटाळा येत नाही, त्याचं कुणाशी भांडण होत नाही, त्याच्या इमारतीत पाण्याचा टँकर येत नाही. तरीही मी ते उतारे वापरले. तयार होते, आणि मुलांना गुण चांगले मिळत होते.

सगळ्यांत चांगले गुण रेवतीला. रेवती कुलकर्णी, तिसरीतली, दोन घट्ट वेण्या, पेन्सिलीचं टोक नेहमी सुईसारखं. तिची पद्धत मी एकदा मागे उभी राहून पाहिली. ती उतारा वाचतच नव्हती. आधी प्रश्न वाचायची, त्यातला एक मोठा शब्द पकडायची, तो बोटाने उताऱ्यात शोधायची आणि ते वाक्य उतरवून काढायची. चार मिनिटांत पाच उत्तरं. शेजारच्या मुलांनाही तिने ही युक्ती शिकवली होती. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. हुशार आहे, एवढंच वाटलं.

आणि सगळ्यांत कमी गुण मंजुळाला. तीही तिसरीतच. नगरथपेठेत तिच्या वडिलांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान, आई सुनंदा एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला. मंजुळा बोलायला लागली की थांबत नसे, पण कागद समोर आला की गप्प. एकेका ओळीवर इतका वेळ लावायची की बाकीच्यांचं लिहून व्हायचं आणि हिचा पहिला प्रश्न अर्धा. मी तिला सांगत असे, "मंजुळा, जरा भरभर." ती मान डोलवायची आणि तितकाच वेळ लावायची.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारसाठी मी प्रथमच एक उतारा स्वतः लिहिला. स्वतः म्हणजे निळ्या फाइलीतल्या चार उताऱ्यांवरून जुळवलेला. गोपाळला रानात एक पाडस सापडतं, त्याच्या पायाला लागलेलं असतं, गोपाळ त्याला घरी आणतो, हळद लावतो, दूध पाजतो, बरं झाल्यावर रानात सोडून येतो. हाताने लिहून मी तो कोपऱ्यावरच्या जेरॉक्सच्या दुकानात टाइप करायला दिला. तिथली शैलजा कन्नड मुलगी. हिंदी लिपी येते म्हणून माझी कामं करायची. शनिवारी उशीर झाला होता. मी गरम कागद उचलले, न बघता वर्गात वाटले.

दहा मुलांनी वीस मिनिटांत लिहून दिलं. मंजुळाने वरती नाव लिहिलं, तारीख लिहिली आणि पेन्सिल धरून तशीच बसली. पाच वाजता मी तिचा कोरा कागद ओढून घेतला. घरी जाताना बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, तिथेच कागद मांडीवर घेऊन तपासले. दहा जणांना दहापैकी आठ, नऊ, दहा. मंजुळाच्या कागदावर मी लाल शून्य काढलं आणि खाली लिहिलं, "लक्ष दे." पुढच्या शनिवारी कागद परत दिले. तिने शून्याकडे पाहिलं, कागदाची चौघडी केली आणि दप्तरात ठेवली. त्यानंतरचे दोन शनिवार ती आली नाही.

तिसऱ्या शनिवारी सुनंदा एकटीच आली. वर्ग सुटून मुलं जिना उतरत होती. ती दाराशी थांबली आणि पर्समधून तो कागद काढला. मला वाटलं, शून्य का दिलं म्हणून विचारायला आली असेल. मी उत्तरही जुळवून ठेवलं.

"अक्का, एक विचारू? हे पासड म्हणजे काय?"

"काय?"

"पासड. मंजूने घरात सगळ्यांना विचारलं. मला नाही माहीत. तिचे अप्पा म्हणाले, दुकानात महाराष्ट्राचं एक गिऱ्हाईक येतं, त्याला विचारतो. त्यालाही ठाऊक नाही. सासूबाई म्हणतात, जुन्या काळी पासोडी असायची, तसलं अंगावर घ्यायचं काहीतरी असेल. पण मग मंजू म्हणते, पासोडीला दूध कसं पाजलं?"

मी कागद हातात घेतला. गोपाळला रानात पासड सापडले. पासडाच्या पायाला जखम झाली होती. गोपाळने पासडाला हळद लावली. शैलजाने माझं अक्षर एकदा चुकीचं लावलं होतं आणि मग इमानाने सगळीकडे तेच टाइप केलं होतं. मी सतरंजीवर बसले. निळी फाइल उघडून बाकीच्या मुलांचे कागद काढले. शाळेतल्या सवयीने मी उत्तरपत्रिकांच्या प्रती ठेवते. "गोपाळला रानात पासड सापडले." बरोबरची खूण. "गोपाळने पासडाला दूध पाजले." बरोबरची खूण. दहा मुलांनी लिहिलं होतं, आणि दहा वेळा मी बरोबर म्हटलं होतं. माझ्या लाल शाईत. माझाच उतारा मीही वाचला नव्हता.

तीस वर्षं शिकवून माणसाला लाज वाटायचे प्रसंग पुष्कळ येतात. बहुतेक विसरतात. हा मी स्वतःला विसरू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी नगरथपेठेत त्यांच्या घरी गेले. दुकानाच्या वर घर, अरुंद जिना. मंजुळा खिडकीशी बसून आजीबरोबर अवऱ्याचे दाणे दाबून त्यांची सालं उडवत होती. भिजवलेल्या दाण्यांचं ते काम इथे घरोघरी मुलांकडेच असतं. मला पाहून तिने हात आवरले.

"मंजुळा, तुझा कागद आणलाय," मी म्हटलं. "तो शब्द चुकीचा होता. असा शब्दच नाही. चूक माझी आहे."

तिने ओले हात फ्रॉकला पुसले.

"तू त्या दिवशी काहीच का नाही लिहिलंस?"

"समजलं नाही म्हणून लिवलं नाही."

"मग मला विचारायचं नाही का?"

ती एक दाणा बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, "सगळे लिवत होते, अक्का."

मी तिथे पाटावर बसले आणि लाल शून्यावर काट मारली. मी तिला सांगितलं की त्या दिवशी वर्गात उतारा वाचणारी ती एकटीच होती. तिची आजी हसली, सुनंदा आत कॉफी करायला गेली. मंजुळाला मात्र कौतुकात काही रस नव्हता.

"मग खरा शब्द काय?"

"पाडस."

"म्हणजे?"

"हरणाचं पिल्लू."

ती विचारात पडली. "मग हरणाचं पिल्लू असंच लिवायचं की," ती म्हणाली. "सरी, बरं मग. येते मी शनिवारी."

परतताना मेट्रोत उभी राहून मी ठरवलं की निळी फाइल बंद. उतारे मीच लिहीन, आणि या मुलांच्या डोळ्यांना जे रोज दिसतं त्यावर लिहीन. त्या आठवड्यांतल्या सकाळी मला अजून स्पष्ट आठवतात. सहा वाजता खिडकीबाहेर धुकं, हातात फिल्टर कॉफी, पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. किती अवघड काम ते. आठ ओळींत एक माणूस उभा करायचा, त्याचं काहीतरी घडवायचं, शब्द आठ वर्षांच्या मुलाला पेलतील असे हवेत, आणि तरी वाचण्यासारखं काही उरलं पाहिजे. लिफ्टमध्ये अडकलेल्या काकू. मेट्रोत चुकून पुढच्या स्टेशनला उतरलेला मुलगा. सहाव्या मजल्यावरच्या गॅलरीत शिरून साबण पळवणारं माकड. लिहून झालं की मी ते शनिवारी वर्गाआधी जिन्यात मंजुळाला ऐकवायची. तिच्या कपाळाला आठी पडली की तो शब्द मी खोडत असे, किंवा त्याच्या शेजारी असं काही लिहीत असे की शब्द आपोआप कळावा.

मला धास्ती होती ती माझ्या मराठीची. एका उताऱ्यात रिक्षावाला म्हणतो, "स्वल्प थांबा." रेवतीचे बाबा मुलीला घ्यायला आले होते, त्यांनी कागद वाचला आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "मॅडम, हा शब्द मराठीत चालेल का? मुलं परीक्षेत लिहितील."

"स्वल्पविराम चालतो ना?" मी विचारलं.

ते मोकळेपणाने हसले. "चालतो."

तेव्हापासून माझी धास्ती कमी झाली. आमची मराठी चारशे मैल चालून इथे आली आहे, वाटेत तिला चार शब्द जास्त मिळाले, त्यात तिचं काही बिघडलेलं नाही.

पण खरी परीक्षा जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी झाली. त्या दिवशीचा उतारा असा होता: आईने दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं. "समीर, जरा लक्ष ठेव," असं म्हणून ती बाहेर फुलं घ्यायला गेली. समीरने मोबाइल उघडला. थोड्या वेळाने आई आत आली. तिने फडकं घेतलं आणि ओटा पुसायला लागली. समीरने मोबाइल हळूच पालथा ठेवला. प्रश्न दोनच होते. आईने ओटा का पुसला? समीरने मोबाइल पालथा का ठेवला?

रेवतीचं बोट नेहमीप्रमाणे निघालं. "ओटा" सापडला. पुढे काही नाही. बोट मागे आलं, पुन्हा पहिल्या ओळीपासून खाली गेलं. तिने हात वर केला.

"मॅडम, याचं आन्सर पॅसेजमध्ये नाहीये. प्रिंट व्हायचं राहिलंय."

"काही राहिलेलं नाही. पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं. मग पेन्सिल खाली ठेवली आणि तिचे डोळे भरून आले. दहापैकी दहा मिळवणाऱ्या मुलीला रिकामी ओळ किती मोठी वाटते ते मला त्या क्षणी दिसलं. मी काहीच केलं नाही. शिक्षकाला कधी कधी फळ्याकडे तोंड करून उभं राहावं लागतं, तशी राहिले.

मागून मंजुळाचा आवाज आला. "तुझ्या घरी दूध कोण तापवतं?"

"बाबा," रेवती म्हणाली. नाक ओढलं. "काल बाबा कॉलवर होते आणि ते सगळं…" ती थांबली. तिने कागद जवळ ओढला आणि या वेळी बोट न लावता पहिल्यापासून वाचला. वाचताना तिच्या चेहऱ्यावर जे हळूहळू पसरत गेलं ते मी आजवर शिकवलेल्या कुठल्याही प्रयोगात पाहिलं नव्हतं. "दूध बाहेर आलं," ती म्हणाली. "कुठे लिहिलंच नाहीये, पण आलं."

"त्याला काय म्हणतात?" मी विचारलं.

"उतू गेलं," एकजण म्हणाला.

"आमच्या घरी उक्कलं म्हणतात," मंजुळा म्हणाली. आमच्याही घरी तेच म्हणतात. मी दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले.

पण पुढच्या आठवड्यात कुलकर्णी पुन्हा आले, आणि या वेळी हसत नव्हते. "मॅडम, परीक्षा तीन आठवड्यांवर आली. रेवती नेहमी पैकीच्या पैकी आणायची. आता घरी म्हणते, मला मराठी येत नाही. आणखी दोन पालकही म्हणत होते, जुनेच उतारे घ्या."

मला रात्रंदिवस जी भीती वाटत होती तिलाच त्यांनी शब्द दिले होते. मुलं कमी पडली तर पुढच्या वर्षी सतरंजी रिकामी राहील. मी त्यांना खरं काय झालं ते सांगितलं. पासडाचा कागद दाखवला, त्यावरची रेवतीची उत्तरं आणि माझ्या खुणा. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला. मग मी म्हटलं, "तिला मराठी येत नाही हे तिला आत्ता कळलंय. आता ती शिकेल. मला हे तीन आठवडे द्या."

त्यांनी कागद परत दिला. "मी स्वतः असाच पास होत आलो," ते म्हणाले. "घ्या तुम्ही."

परीक्षा झाली. पेपरातला उतारा अर्थातच त्या पहाटे उठणाऱ्या मुलाच्या घरातला होता. रेवतीचे दोन गुण गेले. वाचण्यात वेळ गेला म्हणून शेवटचा प्रश्न राहिला. मंजुळा मधल्या गुणांनी पास झाली, आणि तिच्या वडिलांनी वर्गातल्या प्रत्येकाला स्टीलची एकेक वाटी दिली. बाकीच्यांचे गुण होते तसेच राहिले. मी जितकी घाबरले होते तितकं काही घडलं नाही. जूनमध्ये सतरंजीवर चौदा मुलं होती.

आता माझ्याकडे दीडशेच्या वर उतारे आहेत. शैलजाच टाइप करते. टाइप झाला की मला वाचून दाखवते आणि कुठे काही कळलं नाही तर सरळ विचारते, त्यामुळे तिलाही मराठी येऊ लागली आहे. येलहंक्याच्या दोन शिक्षिकांनी काही उतारे कन्नडमध्ये करून घेतले. एखादा उतारा फसतो. मुलं वाचून "मग काय?" अशा नजरेने पाहतात, तेव्हा मी तो फाडते. पूर्वी वाईट वाटायचं, आता वाटत नाही. पुढच्या सकाळी दुसरा लिहिता येतो.

मंजुळा आता सातवीत आहे. वर्गाचं वय संपलं तरी शनिवारी लहान मुलांना वाचून दाखवायला येते. गेल्या शनिवारी तिने एक वहीचं पान माझ्यासमोर ठेवलं. "अक्का, मी एक उतारा लिवलाय. घ्याल का?"

पानावर लिहिलं होतं: आमच्या गल्लीत एक आजोबा राहतात. ते रोज संध्याकाळी घरातून दोन खुर्च्या बाहेर आणतात. एका खुर्चीवर बसतात. येणाऱ्या जाणाऱ्यांकडे बघतात. अंधार पडला की दोन्ही खुर्च्या आत नेतात.

खाली तीन प्रश्न. आजोबा किती खुर्च्या आणतात? ते किती खुर्च्यांवर बसतात? दुसरी खुर्ची कुणासाठी?

आम्ही तो तसाच मुलांना दिला. पहिली दोन उत्तरं पटापट झाली आणि तिसऱ्यावर हॉलभर कल्लोळ उठला. आजी वारल्या असतील. नाही, आजी आत स्वयंपाक करतायत, काम झालं की येतील. मित्र येणार असेल. पाय ठेवायला असेल. मांजरासाठी असेल. एक दुसरीतली मुलगी म्हणाली, कुणीही दमलं तर बसायला. कुणी कुणाचं ऐकत नव्हतं, आणि सगळे पुन्हा पुन्हा कागदाकडे वळून, ओळींवर वाकून वाचत होते, कुठे काही सापडतंय का ते बघत होते.

मी मंजुळाला हळूच विचारलं, "खरं उत्तर काय गं?"

"मला माहीत नाही, अक्का."

"मग विचार की त्यांना. तुझ्याच गल्लीत आहेत."

"विचारलं नाही. एकदा जाऊन बसले त्या खुर्चीवर." ती मुलांकडे बघत होती. "ते स्वल्प सरकले फक्त, मला नीट बसता यावं म्हणून."

मी तिची वही जवळ ओढली. तिसऱ्या प्रश्नाखाली उत्तरासाठी तिने एक ओळ आखली होती. पट्टी घेऊन मी तिथे आणखी चार आखल्या.